निवाऱ्याला भिंती मिळाल्या, माणूस कधी मिळणार?

मुंबई, पुणे, नागपूर अशा कोणत्याही शहरात रात्री अकरानंतर रेल्वे स्टेशनच्या बाहेर पडले, की पदपथावर ओळीने झोपलेली माणसे दिसतात. कुणी पुठ्ठा अंथरलेला असतो, कुणी डोक्याखाली चपला घेतलेल्या असतात. आपण दिवसभराच्या कामाने दमलेले असतो. त्यांना वळसा घालतो, "सरकारने यांच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे" एवढे म्हणतो आणि घरचा रस्ता धरतो.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश झाले, केंद्राची योजना आली, कोट्यवधी रुपये मंजूर झाले, अनेक शहरांत निवाऱ्याच्या इमारतीही उभ्या राहिल्या. मग ही माणसे अजून पदपथावर का? आम्ही काही वर्षे या कामात थोडेफार वावरलो आहोत आणि पोटापाण्यासाठी कारकुनी करत असल्यामुळे जमाखर्चाच्या वह्या वाचायची सवय आहे. त्यावरून आमचे मत असे बनले आहे की, सरकारी कागदावर इमारतीसाठी खर्च दाखवता येतो, पण त्या इमारतीत रात्रंदिवस हजर राहणाऱ्या माणसाच्या पगारासाठी पक्की जागा नाही. प्रश्न खरा तिथे अडला आहे. वाचकांपुढे हा हिशेब आम्ही मांडू इच्छितो.

बेघर म्हणजे कोण?

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. त्या एका रात्रीत १७ लाख ७३ हजार माणसे घराविना सापडली. त्यांतली ९ लाख ३८ हजार शहरांत होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या वर होता आणि उत्तर प्रदेशाच्या खालोखाल आपला क्रमांक होता. एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. पुलाखाली, गटाराच्या पाइपात, बंद दुकानाच्या फळीवर झोपणारा माणूस एका रात्रीत किती सापडणार? त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

ही माणसे आळशी असतात, भीक मागतात, असा एक समज आपल्या वस्त्यांतही आहे. तो चुकीचा आहे. रात्री पदपथावर झोपणारा माणूस सकाळी नाक्यावर उभा असतो. कुणी लग्नात वाढप्याचे काम करतो, कुणी हातगाडी ओढतो, कुणी भंगार वेचतो. मराठवाड्यातून दुष्काळाच्या वर्षी आलेली कुटुंबे त्यांत असतात. परळच्या टाटा इस्पितळात उपचाराला आलेल्या रुग्णाचे नातलगही बाहेरच्या पदपथावर दिवस काढतात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलांसह बाहेर पडलेली बाई असते, आणि मुलांनी घर विकल्यावर जायला जागा न उरलेला म्हातारा असतो.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे मनाला लावून घ्यावे. कर्त्या माणसाचा अपघात, एक मोठे आजारपण, खोलीचे बुडालेले डिपॉझिट, एवढे एकापाठोपाठ एक आले की चाळ आणि पदपथ यांतले अंतर फार राहत नाही.

न्यायालयाने काय सांगितले?

या प्रश्नाची कोर्टातली वाट मुंबईतूनच सुरू झाली. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथावरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली आणि त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले, की राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पदपथवासीयांना तिथेच राहू द्या, असा निकाल मात्र तो नव्हता. तरीही पदपथावरचा माणूस हा घटनेने संरक्षण दिलेला नागरिक आहे, हे त्यामुळे पक्के झाले.

पुढची पायरी २०१० ची. दिल्लीत ऐन थंडीत पालिकेने एक तात्पुरता निवारा पाडला. अन्नाच्या हक्काचा खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालूच होता. न्यायालयाच्या आयुक्तांनी ही बाब पत्राने कळवली आणि जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने आदेश दिले. पुढे ते मोठ्या शहरांसाठी सर्व राज्यांना लागू झाले: दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने आणि चोवीस तास चालणारा.

सप्टेंबर २०१३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले आणि त्यात 'शहरी बेघरांना निवारा' हा स्वतंत्र भाग ठेवला. लाखामागे किमान १०० माणसांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणीघर, वीज, स्वयंपाकाची सोय, सामानासाठी कुलपाची पेटी, असे निकष कागदावर आले. ओळखपत्र नाही म्हणून कुणाला परत पाठवू नये, उलट रेशनकार्ड, आधार, बँक खाते काढायला निवाऱ्यानेच मदत करावी, असेही ठरले. खर्चाची वाटणी आरंभी केंद्र ७५ आणि राज्य २५ टक्के अशी होती. पुढे ती बहुतेक राज्यांसाठी ६० आणि ४० झाली.

तरी काम हलेना. नोव्हेंबर २०१६ मध्ये ई. आर. कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पैसा असूनही निवारे नाहीत याबद्दल नाराजी व्यक्त केली आणि निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. योजना आहे, पैसा आहे, तरीही निवारा नाही. हे कोडे तेव्हापासून सुटलेले नाही.

मुंबईचा हिशेब

आता थोडे गणित करू. २०११ ची मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. लाखामागे एक या हिशेबाने मुंबईत १२४ निवारे हवेत. प्रत्येकी १०० माणसे धरली तर १२ हजार ४०० लोकांची सोय होते. नोंदलेले बेघर ५७ हजार. म्हणजे निकष शंभर टक्के पाळला, तरी सुमारे ४५ हजार माणसे बाहेरच राहतात. आणि मुंबई महापालिका त्या १२४ च्या जवळपासही कधी पोचलेली नाही.

जागा नाही, हे ठरलेले उत्तर आहे. मुंबईत जागा महाग आहे हे खरे. पण पटसंख्या घटून बंद पडलेल्या पालिकेच्या शाळा, मंडयांचे रिकामे मजले, पुलाखालची जागा, यांचा विचार झाला तर काही तरी निघेल. तो प्रश्न जिद्दीने सुटू शकतो. त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे.

तीन पाळ्या आणि साडेतीन माणसे

चोवीस तास चालणारा निवारा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. योजनेची साधारण कल्पना अशी, की एक व्यवस्थापक असावा आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांसाठी तीन काळजीवाहक असावेत. वरवर पाहता हिशेब जुळतो. पण कामगाराने आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबू नये, ही मर्यादा आपल्याकडे कायद्याने आली आहे. १९४६ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच कारखाना कायद्यात दुरुस्ती आणून आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणले होते. १६८ ला ४८ ने भागा. उत्तर येते साडेतीन. आजारपण आणि हक्काची रजा धरली, तर चार माणसांशिवाय एक खुर्ची सात दिवस भरलेली राहत नाही.

मंजूर तीन आणि लागणार चार. मग चौथ्या माणसाचे काम कोण करतो? तेच तिघे. एकाची सुट्टी म्हणजे दुसऱ्याची बारा किंवा सोळा तासांची पाळी. नाहीतर रात्री दाराला कुलूप लावून निवारा 'चालू' दाखवायचा.

आणि काळजीवाहकाचे काम म्हणजे नुसती राखण नव्हे. रात्री दोन वाजता पोलीस एखाद्या आजारी म्हाताऱ्याला आणून सोडतात. क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. दारू पिऊन आलेल्याला समजावून झोपवावे लागते. मानसिक आजार असलेली बाई रात्रभर बोलत बसते, तिला धाक न दाखवता शांत करावे लागते. बायकांच्या निवाऱ्यात रात्री बाईच काळजीवाहक हवी, नाहीतर तिथे कुणी बाई थांबणारच नाही. एवढे सगळे करणाऱ्या माणसाला प्रशिक्षण किती आणि पगार किती? बहुतेक ठिकाणी ठोक मानधन, कंत्राटी नेमणूक, भविष्यनिर्वाह निधीचा पत्ता नाही.

एका शहरातल्या निवाऱ्यात रात्रपाळी करणाऱ्या ताईंशी आम्ही बोललो. त्या जागेचे नाव आम्ही देत नाही, कारण त्यांची नोकरी कच्ची आहे. त्या म्हणाल्या, "दादा, इथं येणाऱ्याला आम्ही बँकेचं खातं काढून देतो. माझ्या खात्यात मात्र चार महिने झाले पगार पडला नाही. दुकानदार आता उधार देत नाही. उद्या मीच इथं आडवं व्हायला यायची." त्या हसत बोलत होत्या, पण डोळे काही वेगळेच सांगत होते.

पैसा कुठे अडतो?

हा पगार का अडतो, ते साधे आहे. पालिकेच्या आस्थापनेवर 'निवारा काळजीवाहक' असे पद नसते. पालिका निवारा एखाद्या सेवाभावी संस्थेला चालवायला देते. संस्थेला पैसे अनुदानाच्या हप्त्याने मिळतात. आधीचा हप्ता खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. ते प्रमाणपत्र संस्थेकडून पालिकेकडे, पालिकेकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जाते. एका टेबलावर सही राहिली, की खालचा सगळा गाडा थांबतो. ज्यांनी सरकारी कचेरीत काम केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. इमारतीचे काम दोन महिने थांबले तर विटा थांबतात. काळजीवाहकाचा पगार दोन महिने थांबला तर त्याच्या घरची चूल थांबते. मग तो दुसरी नोकरी बघतो. शिकवून तयार झालेला माणूस जातो आणि नवा, अनोळखी माणूस येतो. त्याच्यावर विश्वास ठेवायला निवाऱ्यातल्या लोकांना पुन्हा सहा महिने लागतात.

शिवाय चालवण्याच्या खर्चाला अभियानाची मदत ठराविक वर्षांपुरतीच होती. त्यानंतर पालिकेने पुढचे पाहावे, अशी अपेक्षा. ज्या नगरपरिषदेला स्वतःच्या सफाई कामगारांचा पगार वेळेवर देता येत नाही, ती बेघरांचे काय पाहणार? आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी ते अभियानच संपले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की शहरी गरिबी निर्मूलनाच्या नव्या अभियानाला अंतिम रूप दिले जात आहे आणि त्यात बेघरांच्या निवाऱ्याचाही समावेश आहे. जुनी योजना बंद होणे आणि नवी सुरू होणे यांच्या मधल्या काळात निवाऱ्यातल्या माणसाने झोपायचे कुठे आणि त्याची राखण करणाऱ्याने खायचे काय, याचे उत्तर कोणत्याच फाइलीत नसते.

पकडायला पैसा आहे

गरिबासाठी कायमची पदे निर्माणच होत नाहीत, असेही नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात अजून आहे. त्याखाली भीक मागताना सापडलेल्या माणसाला पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. त्यासाठी चेंबूरसारख्या ठिकाणी सरकारी गृहे आहेत, अधीक्षक आहेत, मंजूर पदे आहेत, अर्थसंकल्पात दरवर्षी तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणे गुन्हा ठरवणारी या कायद्यातली कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे ती चालूच राहिली. भिक्षेकरी गृहात काम करणाऱ्याला १९६४ पासून महिन्याला पाच रुपये मेहनताना ठरलेला होता. तो दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा २०२५ चा एप्रिल उजाडला होता.

म्हणजे बेघर माणसाला कोंडून ठेवायचे असेल तर शासनाला पक्की पदे सुचतात. त्याला आपल्या मर्जीने येऊन निजायची जागा द्यायची असेल तर कंत्राट आणि अनुदान आठवते. आमच्या मते हा फरक निव्वळ पैशांचा नाही. गरिबाकडे गुन्हेगार म्हणून बघायचे की नागरिक म्हणून, याचा तो फरक आहे.

होऊ शकते, हे आपण पाहिले आहे

काही म्हणतात, एवढ्या लोकांची व्यवस्था पालिकेला झेपणार नाही. आपल्या वाचकांना याचे उत्तर ठाऊक आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर गावोगावहून लाखो अनुयायी येतात. शिवाजी पार्कवर मुक्काम करतात. तेव्हा मुंबई महापालिका मंडप घालते, नळ बसवते, फिरती शौचालये ठेवते, दवाखाना उघडते. त्यातही उणिवा असतात आणि त्यांबद्दल आपण भांडतोही. पण ती व्यवस्था उभी राहते, कारण मंडपाबरोबर सफाई कामगार, डॉक्टर, परिचारिका, पाणीखात्याची माणसे नेमलेली असतात. हजेरीपट असतो, पाळ्या असतात, जबाबदार अधिकारी असतो. त्या दिवसांत जे जमते, ते पालिकेच्या ताकदीबाहेरचे नाही.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, हा आपल्या इतिहासाचा भाग आहे. हाती खराटा घेतलेल्या या माणसाला ठाऊक होते, की धर्मशाळा बांधून भागत नाही. ती रोज झाडावी लागते आणि दारात आलेल्याला "या, बसा" म्हणणारा कुणीतरी लागतो.

दिल्लीचे उदाहरणही बघण्यासारखे आहे. तिथे २०१० च्या कायद्याने शहरी निवारा सुधार मंडळ स्थापन झाले आणि निवाऱ्यांची जबाबदारी एका नावाच्या कार्यालयाकडे आली. आज तिथल्या निवाऱ्यांची संख्या दोनशेच्या आसपास आहे. त्यांतले बरेच पत्र्याचे आहेत, गर्दी आहे, पगाराच्या तक्रारी तिथेही ऐकू येतात. पण विचारायला जायचे कुणाकडे, हे तिथल्या माणसाला कळते. आपल्याकडे विचारायला गेले तर प्रभाग कार्यालय मुख्यालयाकडे बोट दाखवते आणि मुख्यालय संस्थेकडे.

आपण काय मागायचे, काय करायचे?

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक महापालिकेच्या आणि नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात निवारा चालवण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. एका निवाऱ्यामागे चार काळजीवाहक, एक व्यवस्थापक आणि सफाई कामगार ही पदे मंजूर व्हावीत. केंद्राचा हप्ता आला नाही तरी त्यांचा पगार पालिकेच्या तिजोरीतून महिन्याच्या महिन्याला व्हावा आणि आलेला हप्ता नंतर तिजोरीत जमा करून घ्यावा. किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी ही भीक नव्हे, तो कायदा आहे.

मागणी करायची तर हातात कागद हवा. आपल्या वस्तीतल्या मंडळाने, बुद्धविहाराच्या समितीने किंवा महिला मंडळाने माहितीच्या अधिकाराखाली पालिकेकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रश्न असे विचारावेत: आपल्या शहरात निवारे किती, प्रत्येकाची क्षमता किती, रोजची हजेरी किती, मंजूर कर्मचारी किती आणि प्रत्यक्षात किती, गेल्या बारा महिन्यांत त्यांचा पगार कोणत्या तारखांना झाला, अनुदान किती आले आणि किती खर्च झाले. पगाराच्या तारखा जरूर मागाव्यात. सगळी लपवाछपवी तिथेच उघडी पडते.

दुसरे काम मतदार नोंदणीचे. बेघर माणसालाही मतदार होता येते. त्याने नमुना ६ भरावा. पत्त्याच्या पुराव्याऐवजी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येऊन तो तिथे झोपतो का, हे पाहतो. अर्ज भरून द्यायला आपल्यातला दहावी शिकलेला मुलगाही पुरेसा आहे. ज्याला मत आहे त्याच्याकडे नगरसेवक निदान बघतो तरी.

तिसरे काम मोजणीचे. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. आपल्या समाजातले कितीतरी शिक्षक आणि कर्मचारी प्रगणक म्हणून काम करतात. आपल्या भागात कोणत्या पुलाखाली, कोणत्या मंडईत माणसे झोपतात, याची यादी कार्यकर्त्यांनी आधीच तयार करून त्यांच्या हाती द्यावी. मोजला न गेलेला माणूस अंदाजपत्रकात येत नाही.

आणि एखादा म्हातारा आजारी अवस्थेत रस्त्यात दिसला, तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीवर फोन करावा. हे घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवावे.

थंडीत आपण चादरी वाटतो. ते चांगलेच आहे, ते चालू ठेवावे. पण चादर एका हिवाळ्यात विरते. येत्या अंदाजपत्रकाच्या आधी प्रत्येक वस्तीतून एक तरी अर्ज पालिकेत जावा आणि त्याची पोचपावती विहाराच्या फलकावर लागावी, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.